नवरा मारतो, पण आत्ता घर सोडता येत नाही. मी आणि मुलं सुरक्षित कशी राहू?

प्रश्न: लग्नाला ११ वर्षं झाली. नवरा मारतो, दारू पिऊन आणि कधी न पिताही. गेल्या महिन्यात त्याने गळा दाबला, नंतर रडून माफी मागितली. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. सासूबाई आमच्यात राहतात. मी घरी शिवणकाम करते, पण त्यात घर चालणार नाही. माहेरी भाऊ-भावजय आहेत, तिथे कायमचं राहता येणार नाही. कुणी म्हणतं आजच सोड, कुणी म्हणतं मुलांकडे बघून सहन कर. तोवर काय करू? आणि गेले तरी परत यावं लागलं तर?

उत्तर:

ताई, मी बरीच वर्षं हिंसा सोसणाऱ्या बायकांसोबत समुपदेशक म्हणून काम करते आहे. पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट करा. हा फोन नवरा बघत असेल, तर वाचून झाल्यावर ब्राउझरच्या इतिहासातून एवढंच पान काढा. सगळा इतिहास पुसू नका, रिकामा इतिहास दिसला की संशय येतो. शक्य असेल तर मैत्रिणीच्या फोनवर वाचा.

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यावर आधी बोलायला हवं. गळा दाबणं हा चापट किंवा लाथेसारखा आणखी एक मार नसतो. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्येच्या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांचा दीर्घ अभ्यास केला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात दिसलं की जिचा गळा नवऱ्याने पूर्वी दाबला होता, तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका मार खाणाऱ्या इतर बायकांपेक्षा सात पटींहून अधिक होता. तो देश वेगळा आहे, पण गळा सगळीकडे सारखाच नाजूक असतो. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत जीव जातो, आणि बाहेरून वळ उमटेलच असं नाही.

त्यानंतर आवाज बसला होता का, गिळताना दुखत होतं का, डोळ्यांत लाल ठिपके आले होते का, कपड्यात लघवी झाली होती का, मधलं काही आठवत नाही असं झालं का? मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. आजही मान दुखत असेल, चक्कर येत असेल, एका बाजूला बधिर वाटत असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की नवऱ्याने गळा दाबला होता. 'पडले' म्हणू नका. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, तिथेच होते आणि पुढे कोर्टात ती फार उपयोगी पडते.

धोका वाढल्याची आणखी चिन्हं असतात. 'तुला मारून टाकीन', 'मी स्वतःला संपवीन' अशा धमक्या, हातात कोयता किंवा सुरी घेणं, मारहाण वरचेवर आणि जास्त जोराने होऊ लागणं, गरोदरपणात मारणं, अंथरुणात जबरदस्ती करणं, सतत संशय घेऊन पाळत ठेवणं, त्याची नोकरी जाणं. आणि सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे बायको निघून जाणार अशी कुणकुण त्याला लागते तो, आणि ती निघून गेल्यानंतरचे पहिले काही महिने. म्हणूनच 'आजच सोड' असं सहज सांगणाऱ्यांचं मी ऐकत नाही. जायचंच असेल तर तयारीने आणि गुपचूप जायचं. राहायचं असेल तर तेही तयारीनेच. तुम्ही आत्ता राहताय हा तुमचा दुबळेपणा नाही. दोन मुलं, अपुरं उत्पन्न आणि गळ्यावर पडलेला हात यांचा हिशेब तुम्ही रोज करताय, तो तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला येत नाही.

या तयारीला कायद्यातही जागा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत नमुना ५ आहे. संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, बाईसोबत बसून तो भरायचा असतो: काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला, पुढे कशाची भीती वाटते, त्यापासून वाचायला काय लागेल, कोर्टाकडून कोणता आदेश हवा. बऱ्याच ठिकाणी हा नमुना घाईत भरतात. तुम्ही गेलात तर तो नीट, वेळ घेऊन भरायला सांगा. पण त्याची वाट बघत बसू नका. खाली जे लिहिते आहे ते तुम्ही आजपासून मनात मांडू शकता. कागदावर मात्र घरात काही लिहू नका.

सुरुवात त्याच्याकडे बघण्यापासून करा. तो कधी मारतो? पगाराच्या दिवशी, पैसे संपल्यावर, माहेरचा फोन आल्यावर, मित्रांकडून आल्यावर? त्याआधी काय होतं? आवाज बदलतो, तो मुलांना बाहेर पाठवतो, दाराला कडी घालतो, ताट ढकलतो? प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. ती खूण दिसली की तुम्ही आणि मुलं त्या खोलीतून निघण्याच्या बेतात असायला हवं. दारूविषयी एवढंच सांगते: दारूने हात सैल होतो, पण तोच माणूस रस्त्यावर पोलिसाला मारत नाही. व्यसन सुटलं म्हणजे मार थांबेल, असं धरून तयारी पुढे ढकलू नका.

वाद पेटला की स्वयंपाकघरात थांबू नका. सुरी, विळी, वरवंटा, उकळतं तेल, गॅस सगळं तिथे हाताशी असतं. भाजलेल्या बायकांच्या कागदांवर 'स्टोव्हचा भडका' असं किती वेळा लिहिलं गेलं हे या कामातल्या प्रत्येकीला माहीत आहे. न्हाणीघरातही शिरू नका, तिथून दुसरी वाट नसते. गच्ची, गॅलरीचा कठडा, जिना, विहिरीचा काठ टाळा. सरकत सरकत बाहेरच्या दाराजवळ या. एकाच खोलीचं घर असेल तर भांडण सुरू होताच पाठ दाराकडे ठेवा. दाराची कडी घट्ट बसत असेल तर दिवसा तेल घालून सैल करून ठेवा. चपला दाराशी, चावीचा दुसरा जोड बाहेर कुणाकडे तरी. मार चुकवता आलाच नाही तर कोपऱ्यात अंगाची जुडी करा, तोंड आत, दोन्ही हात डोक्यावर आणि मानेवर.

शेतातल्या वस्तीवर राहत असाल तर शेजार लांब आणि अंधार जास्त, शिवाय कुऱ्हाड, कोयता, फवारणीचं औषध घरात. ते औषध कुलपात किंवा गोठ्याच्या पलीकडे ठेवायची सवय लावा, मुलांचं निमित्त सांगा. हे त्याच्या हातासाठी आहे आणि तुमच्याही. मार खाऊन एकट्या पडलेल्या बाईच्या मनात नको ते येतं. आलं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन लावा, मराठीत बोलता येतं.

त्या क्षणी त्याची मनधरणी करावी लागली, 'चुकलं माझं' म्हणावं लागलं, तर म्हणा. जीव वाचवायला बोललेल्या शब्दाची लाज बाळगायची नसते. उलट उत्तर द्यायची, त्याला त्याची चूक दाखवायची ती वेळ नव्हे.

शेजाऱ्यांपैकी एकीला, फक्त एकीला, विश्वासात घ्या. ती तुमच्या सासूबाईंची मैत्रीण नसावी आणि तिच्या घरातला पुरुष तुमच्या नवऱ्याबरोबर बसणारा नसावा. तिच्याशी एक खूण ठरवा. मुलगी दारात येऊन म्हणेल, 'काकू, आईने मोठी परात मागितलीय', की काकूंनी मुलांना आत घ्यायचं आणि ११२ ला फोन लावायचा. विरजण किंवा साखर अशी खूण ठेवू नका. ती खरंच कधीतरी लागते आणि मग घोळ होतो. ओरडायची वेळ आली तर नुसतं 'वाचवा' ओरडण्यापेक्षा नाव घेऊन हाक मारा. नाव घेतलं की माणसाला दार बंद करून बसणं अवघड जातं.

११२ ला फोन लागला की आधी पत्ता सांगा. गाव, वाडी किंवा इमारत, जवळची खूण. मग 'नवरा मारतोय, हातात सुरी आहे, मुलं घरात आहेत' एवढं बोला. फोन हिसकावला तरी पत्ता पोचलेला असतो. स्मार्टफोनमध्ये आणीबाणीची सोय असते, कुठे पॉवरचं बटण तीनदा तर कुठे पाचदा दाबावं लागतं. तुमच्या फोनचं कसं ते सेटिंगमध्ये आधी बघा, नाहीतर नेमक्या वेळी चुकेल. सल्ल्यासाठी महिला मदतवाहिनी १८१, मुलांसाठी १०९८. फोन झाल्यावर यादीतून तो नंबर काढा. त्याने पुन्हा लावून बघितलं असं अनेकींच्या बाबतीत होतं.

मुलांचं जरा सावकाश बोलू. ९ वर्षांच्या मुलीला सगळं कळत असतं आणि बहुधा ती तुमच्यामध्ये पडायचा प्रयत्न करते. तिला शांतपणे सांगा: 'बाबा रागावले की तू मध्ये यायचं नाही. भावाचा हात धरायचा आणि काकूंकडे जायचं. आईला वाचवणं तुझं काम नाही, भावाला घेऊन बाहेर पडणं एवढंच तुझं काम.' हे दोन-तीनदा खेळासारखं करून घ्या. तिला घराचा पत्ता आणि एक मोबाइल नंबर पाठ असू दे. मात्र तुमच्या बेतातलं काहीही तिला सांगू नका, कुठे जाणार, पैसे कुठे ठेवलेत, काहीच नाही. प्रेमाने विचारलं की मूल बापाला सांगून टाकतं, आणि पुढे काही झालं तर तो अपराध आयुष्यभर स्वतःवर घेतं. शाळेत वर्गशिक्षिका समजूतदार असतील तर त्यांना थोडी कल्पना द्या, निदान मुलांना घेऊन जायला कोण येऊ शकतं हे बोलून ठेवा.

आता फोन. आजकाल निम्मी पाळत फोनवरूनच होते. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, तिथे न ओळखीचं यंत्र दिसलं तर तुमचे संदेश दुसरीकडे वाचले जातायत. गुगल खातं त्याने उघडून दिलेलं असेल तर तुम्ही कुठे आहात, कोणते फोटो काढले, काय शोधलं, सगळं त्याला दिसू शकतं. हे लगेच बंद करायची घाई नको. अचानक बंद पडलं की त्याला कळतं आणि त्या रात्रीच मार बसतो. पाळत आहे तशी राहू द्या, महत्त्वाचं बोलणं त्या फोनवरून करू नका. शेजारणीचा, दुकानातला, शिवणाच्या गिऱ्हाइकाचा फोन वापरा. बँकेचे संदेश आणि आधारचा ओटीपी कुणाच्या नंबरवर जातो ते तपासा. आधारला त्याचा नंबर जोडलेला असेल तर पुढे प्रत्येक कामात अडेल. आधार केंद्रात जाऊन तो बदलता येतो, पण हे निघण्याच्या अगदी आधी करा.

कागद हळूहळू बाहेर न्या, एका दिवसात सगळं कपाट रिकामं दिसू नये. तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, पॅन, पासबुक, विमा, घराचा भाडेकरार किंवा वीजबिल, त्याची पगाराची चिठ्ठी मिळाली तर ती, लग्नाचा दाखला. दाखला नसेल तर पत्रिका आणि लग्नाचे फोटो चालतात. मूळ कागद नेणं धोक्याचं वाटलं तर झेरॉक्स न्या. ते माहेरी ठेवण्यापेक्षा तो सहसा जात नाही अशा ठिकाणी ठेवा. माराचे फोटो काढले तर विश्वासाच्या एका मैत्रिणीला पाठवून तुमच्या फोनमधून, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढा. मारहाण झाली की तिला फोनवर तारीख, वेळ आणि काय झालं ते सांगा, ती तिच्या वहीत लिहील. घरात डायरी ठेवू नका.

दागिन्यांची आठवण बायकांना शेवटी होते. तुम्हाला माहेरून, सासरहून, आहेरात मिळालेलं सोनं, भांडी, पैसे हे तुमचं स्त्रीधन आहे, ते कुणाच्याही कपाटात असलं तरी. २००५ च्या कायद्याखाली ते परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. त्यासाठी यादी लागते. पावत्या नसतील तर दागिने घातलेले लग्नातले, हळदीकुंकवाचे फोटो शोधून ठेवा. पैशाचं म्हणाल तर लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये येत असतील तर त्या खात्याचं एटीएम कार्ड कुणाच्या हातात आहे? बऱ्याच घरांत ते नवऱ्याच्या खिशात असतं. लगेच मागून भांडण ओढवून घेऊ नका. शिवणातले थोडे पैसे बचत गटात किंवा मैत्रिणीकडे साठवा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं आहे, तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला फार मोठी रक्कम लागणार नाही. गाडीभाडं, दोन दिवसांचं खाणं आणि औषधं एवढे रोख पैसे मात्र कायम बाहेर कुणाकडे तरी तयार असू द्या. हे पैसे आणि कागद एका पिशवीत ठेवा, त्यातच मुलांचे एक-एक कपडे आणि चार्जर.

सासूबाईंबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की त्या घरात राहतात. त्या मध्ये पडतात की गप्प बसतात की त्याला चढवतात, यावर बरंच अवलंबून आहे. काही घरांत सासूच सुनेला मागच्या दाराने बाहेर काढते. पण बेत त्यांना सांगू नका. आई शेवटी मुलाची असते आणि त्याने विचारलं तर त्यांनाही भीती असते.

कायद्याकडून काय मिळतं ते थोडक्यात सांगते, कारण 'केस केली की नवरा तुरुंगात जाईल आणि चूल बंद होईल' या भीतीने बायका मदतच घेत नाहीत. २००५ च्या कायद्याचा अर्ज म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे. आधी आदेश मिळतो: मारायचं नाही, धमकवायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, मुलं आईकडे. त्याने तो आदेश मोडला तर गुन्हा होतो, वर्षभरापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे त्याच घरात राहूनही संरक्षणाचा आदेश घेता येतो. घर त्याच्या नावावर असो, सासऱ्यांच्या नावावर असो, तिथे राहायचा हक्क मागता येतो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सांगितलं. गरज पडली तर कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. घरातल्या बाईला, म्हणजे सासूबाईंना, बाहेर काढायचा आदेश मात्र होत नाही. हा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना आहे आणि लग्नासारख्या नात्यात राहणारीलाही.

अर्ज दिलात तर नोटीस त्याच्या हातात कोणत्या दिवशी पडणार हे संरक्षण अधिकाऱ्यांना विचारून ठेवा. त्या रात्री तुम्ही आणि मुलं घरात नसावीत. कागद वाचून तो पेटतो आणि तुम्ही समोर असता. वकिलाला हे सुचतंच असं नाही. तातडीचा धोका असेल तर त्याचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश द्यावा अशी विनंती करता येते, गळा दाबल्याची नोंद तिथे उपयोगी पडते. वकिलासाठी पैसे नकोत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत. नंबर १५१००.

पोलीस ठाण्यात 'घरगुती आहे, एनसी घेतो' म्हणतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिची प्रत घ्याच, पण गळा दाबला, हत्यार वापरलं, असं असेल तर गुन्हा नोंदवायचा आग्रह धरा आणि 'मारलं' एवढ्यावर न थांबता 'दोन्ही हातांनी गळा दाबला, श्वास थांबला' असं जसं घडलं तसं लिहून द्या. नवऱ्याच्या क्रूरतेचं पूर्वीचं ४९८ अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. एकटं जाणं जड वाटत असेल तर आधी महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात जा. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांसोबत तो सुरू केला, आता राज्यात अनेक पोलीस ठाण्यांत तो आहे. काही शहरांत पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे महिलांसाठीचा मदत कक्ष, आहे. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा नावाची समुपदेशन केंद्रं आहेत. दवाखान्याचं निमित्त सांगून तिथे जाता येतं, हा त्यांचा मोठाच फायदा.

जायची वेळ आली तर भांडणाच्या मध्ये जाऊ नका, जीवावरच बेतलं तर गोष्ट वेगळी. तो कामावर असताना, मुलं शाळेतून परस्पर घेऊन, नेहमीचं बसस्थानक टाळून जा. त्याला चिठ्ठी, शेवटचा फोन, 'मी जातेय' असं काही नको. मुलांना मागे ठेवू नका, 'नंतर नेऊ' म्हटलं की ती ओलीस होतात. माहेर ही तो पहिल्यांदा शोधेल ती जागा. भाऊ-भावजय भली माणसं असतील, तरी दोन दिवसांत चार नातेवाईक येतात, 'समजूत काढून' परत धाडतात. जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोय होते, तिथेच समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत मिळते. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन हे सरकारी योजनेतलं निवारागृह आहे. मुलगा ५ वर्षांचा आहे, त्याला सोबत ठेवता येईल का हे फोनवर आधीच विचारा.

पोचल्याबरोबर तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या की मारहाणीमुळे मी स्वतःहून, मुलांसह घर सोडलं आहे आणि माझा पत्ता नवऱ्याला देऊ नये. नवरा 'बायको बेपत्ता' अशी मिसिंग दाखल करतो आणि मग पोलीस तुम्हालाच शोधत येतात. हा एक कागद ते सगळं वाचवतो. त्यानंतर नवीन सिम, नवीन गुगल खातं, शाळेच्या आणि भावकीच्या गटांतून बाहेर, मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत. समेटाची बैठक ठरलीच तर ती पोलीस ठाण्यात किंवा केंद्रात, तुमचं माणूस सोबत, मुलं तिथे नाहीत, आणि निघताना आधी तुम्ही, अर्ध्या तासाने तो. ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असावा असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदाच सांगतो. तुमची मुलं त्या वयापुढे गेली असली तरी आईच्या घरची स्थिरता कोर्ट बघतं, तेव्हा शाळा लवकर सुरू करा.

हे वाचणारी एखादी बहीण किंवा मैत्रीण असेल तर तिच्यासाठी: त्याला जाब विचारायला जाऊ नका, त्याची किंमत तिला मोजावी लागते. 'सोड ना' म्हणण्यापेक्षा 'मी कधी फोन केलेला चालेल?' हे विचारा. कागदांची पिशवी सांभाळा. संरक्षण अधिकाऱ्याला चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही, तशी तरतूद २००५ च्या कायद्यातच आहे.

परदेशी असलेल्या मराठी मुलींनाही यातलं बरंच लागू पडतं, फक्त तिथे पासपोर्ट आणि व्हिसा ही त्याच्या हातातली आणखी एक कडी असते. पासपोर्टच्या प्रत्येक पानाचा फोटो भारतातल्या कुणाकडे तरी ठेवा. अमेरिकेत न्यू जर्सीची मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: परत यावं लागलं तर या. बायका अनेकदा जातात आणि अनेकदा परत येतात. आमच्यातली कुणीही शहाणी बाई त्यावरून तुम्हाला बोल लावणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं, आणि मदत मागणाऱ्या फार थोड्या निघाल्या. परत आलात तरी पिशवी मैत्रिणीकडेच राहू द्या, परातीची खूण तशीच ठेवा, गळा दाबल्याची नोंद केली असेल तर ती मागे घेऊ नका. मागची तक्रार मागे घेतली म्हणून पुढच्या मारहाणीची तक्रार घ्यायची नाही, असा कुठलाही नियम नाही. कुणी तसं सांगितलं तर त्या अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्या आणि १८१ ला कळवा.